इतिहासाच्या तासाला ऐकलेला पियानो

स्मरणिका समितीचा निरोप आला की संगीतातल्या वाटचालीबद्दल लिहा. माझी वाटचाल म्हणजे पुण्यात मुलांना पियानो शिकवणं. त्यावर पानभर लिहावं असं काही घडलेलं नाही. त्यापेक्षा ज्या वादकाची गाठ मला आपल्या शाळेने घालून दिली, त्याच्याविषयी लिहिते.

शाळेत पियानो नव्हता, प्रार्थनेची पेटी तेवढी होती. पहिलं महायुद्ध शिकवताना इतिहासाचे सर एकदा टेपरेकॉर्डर घेऊन वर्गात आले. फळ्यावर १९१४ लिहिलं आणि कॅसेट लावली. आधी तळातून नुसती घुरघुर, मग वाद्यवृंद चढत चढत गेला आणि एकदम पियानो कोसळला. सरांनी विचारलं, "किती हात वाजवतायत?" दोन, असं सगळे म्हणाले. मागच्या बाकावरून 'चार' आलं. "एकच. आणि तोही डावा." पेटीवाल्याचा डावा हात भात्यासाठी असतो, एवढंच ठाऊक असलेला आमचा वर्ग गप्प झाला.

रचना राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची, आणि ती ज्याच्यासाठी लिहिली तो पियानोवादक पॉल विट्गेनस्टाइन. जन्म १८८७, व्हिएन्ना. वडील पोलादाचे बडे कारखानदार, घरी ब्राम्ससारख्या संगीतकारांचा राबता, धाकटा भाऊ लुडविग पुढे नामवंत तत्त्वज्ञ झाला. पॉलची पहिली जाहीर मैफल डिसेंबर १९१३ मध्ये झाली. पुढच्याच ऑगस्टमध्ये तो रशियन आघाडीवर होता. टेहळणी करताना उजव्या कोपरात गोळी लागली, हात कापावा लागला. त्याच सुमारास रशियनांनी ते इस्पितळ ताब्यात घेतलं, आणि शुद्धीवर आला तेव्हा तो युद्धकैदी होता. सैबेरियात, ओम्स्कच्या छावणीत, त्याने एका खोक्यावर कोळशाने पट्ट्या आखल्या आणि डाव्या हाताची बोटं त्यावर आपटत बसला. आवाज अर्थात मनातल्या मनात.

शिकवायला लागल्यावर मला यातली गोम कळली. डाव्या हाताचा अंगठा वरच्या सुरांच्या बाजूला येतो. म्हणजे धून सगळ्यात दणकट बोटाकडे. उजव्या हातात तीच धून बहुधा बिचाऱ्या करंगळीच्या वाट्याला येते. खालचा सूर वाजवायचा, पायाने पेडल दाबून तो लांबवायचा आणि तेवढ्यात हात वर न्यायचा. ऐकणाऱ्याला दोन हात भासतात ते यामुळे. अर्थात सांगायला सोपं. माझ्या विद्यार्थ्यांचा पाय हमखास चुकतो आणि सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

सरांनी त्याला वीरपुरुष मात्र केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. माणूस हेकट होता. घरचा पैसा होता, म्हणून मोठमोठ्या संगीतकारांकडून रचना लिहवून घेतल्या, आणि त्यातल्या काही वाजवल्याच नाहीत. प्रोकोफिएव्हला कळवलं, यातला एक सूरही मला समजत नाही. ती रचना १९५६ मध्ये बर्लिनला दुसऱ्याच एका एकहाती वादकाने वाजवली. राव्हेलच्या रचनेचा पहिला प्रयोग जानेवारी १९३२ मध्ये व्हिएन्नात झाला, पण त्यात यानं परस्पर फेरफार केले आणि राव्हेल भडकला. माझं मत राव्हेलच्या बाजूने. तरी हेही खरं की हा हट्टी गिऱ्हाईक नसता तर ती रचनाच झाली नसती.

१९३८ मध्ये नाझी व्हिएन्नात आले. आजी-आजोबा जन्माने ज्यू, म्हणून त्याला व्यासपीठ बंद झालं. तो अमेरिकेला गेला, तिथे शिकवलं, वाजवलं, आणि १९६१ मध्ये वारला.

हिंडेमिथ या जर्मन संगीतकाराने १९२३ मध्ये लिहून दिलेली रचनाही त्याने बाजूला ठेवली होती. तिची प्रत त्याच्या बायकोच्या मृत्यूनंतर, २००२ मध्ये, तिच्या घरातल्या कागदपत्रांत सापडली आणि २००४ मध्ये ती बर्लिनला पहिल्यांदा वाजली. वादक लिऑन फ्लायशर. त्याचाही उजवा हात बोटांच्या विकाराने बरीच वर्षं निकामी होता. ही बातमी वाचल्यावर मी सरांना फोन केला. तोवर ते निवृत्त झाले होते आणि त्यांना कमी ऐकू येत होतं, त्यामुळे हिंडेमिथचं नाव चारदा ओरडून सांगावं लागलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "कॅसेट मिळाली तर माझ्यासाठी एक घेऊन ठेव."