मेलबर्नची हिरवळ आणि गांडुळांचा हिशेब

ऑस्ट्रेलियात कंपोस्टची पिशवी विकत घेतली की तिच्यावर ठळक अक्षरांत सूचना असते. मास्क लावा, हातमोजे घाला, पिशवी मोकळ्या हवेत उघडा, आतला माल आधी ओला करा, काम झाल्यावर हात धुवा. शेणखत हातानं कालवलेलं बघत मोठं झालेल्या माणसाला हे वाचून आधी हसू येतं, मग थोडा रागही येतो. मातीला हात लावायला मास्क?

पण सूचना खरी आहे. लीजिओनेला लाँगबीचाए नावाचा जिवाणू कंपोस्टमध्ये आणि कुंड्यांच्या तयार मातीमिश्रणात राहतो. १९८०च्या दशकाच्या शेवटी साउथ ऑस्ट्रेलियात त्यानं होणाऱ्या न्यूमोनियाची साथ आली, तेव्हा माग काढत काढत तज्ज्ञ कुंड्यांच्या मातीपर्यंत पोहोचले. धोका श्वासातून आत जाणाऱ्या धुळीचा असतो. म्हणून कोरडी पिशवी झटकायची नाही, कात्रीनं तोंड कापून आत झारीनं पाणी शिंपडायचं आणि मगच माल उपसायचा. घरच्या ढिगालाही हेच लागू. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि सिगारेट ओढणाऱ्यांनी तर हट्ट करूच नये. आपल्याकडे खत ओलसर असतं, काम उघड्यावर चालतं, एवढं आपल्या बाजूनं म्हणता येईल. आपल्याकडे कोणाला काही होत नाही, असं मात्र नाही. आपल्याकडे न्यूमोनियाचं मूळ शोधत कुंडीपर्यंत कोण जातंय!

आता वर्म फार्म. इथे मेलबर्नमध्ये कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात गांडुळांचा प्लॅस्टिकचा मजली डबा असतो. खाली तोटी असलेली टाकी, वर भोकांचे दोन-तीन ट्रे, त्यावर झाकण. अनेक कौन्सिल, म्हणजे इथल्या नगरपालिका, तो सवलतीत देतात. याचं फार कौतुक करायचं कारण नाही. पुणे महापालिका गांडूळखत प्रकल्पासाठी मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, आणि सोसायटीच्या कोपऱ्यातला गांडूळखताचा हौद आपल्याला नवा नाही. गंमत म्हणजे इथे विकत मिळणाऱ्या गांडुळांच्या मिश्रणात टायगर आणि रेड यांच्या जोडीला ‘इंडियन ब्लू’ असतं. म्हणजे पेरिऑनिक्स एक्सकॅव्हेटस, आपल्याकडचंच.

डबा लावायची रीत सोपी आहे. साधारण ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट ४ ते ५ लिटर पाण्यात फुगवली की ८-९ लिटर भुसा होतो. तो पिळून, त्यात फाडलेला पुठ्ठा आणि दोन मुठी बागेतली माती मिसळून ट्रेमध्ये ८ ते १० सेंटिमीटरचा थर द्यायचा. त्यावर गांडुळं सोडायची आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. इथे गांडुळं हजाराच्या हिशेबानं मिळतात. हजार म्हणजे साधारण पाव किलो. चांगली रुळल्यावर ती रोज आपल्या वजनाच्या निम्मं खातात, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. पहिले दोन आठवडे मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा मूठभरच. गांडुळाला दात नसतात. कुजणाऱ्या भाजीवर वाढलेले जिवाणू आणि बुरशी हे त्याचं खरं जेवण, त्यामुळे ताज्या सालांकडे ते ढुंकूनही बघत नाही. सालं बारीक चिरून आधी फ्रीझरमध्ये गोठवली आणि वितळल्यावर घातली, तर ती लवकर मऊ होतात आणि चिलटांची अंडीही मरतात.

चार माणसांच्या मराठी घरात रोजचा ओला कचरा सव्वाशे ग्रॅमच्या कितीतरी वर जातो. त्यामुळे निवड करावीच लागते. मेथी-कोथिंबिरीचे देठ, दुधीची सालं, केळ्याची सालं, कलिंगड हे उत्तम. चहाचा चोथाही चालतो, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला असतो, म्हणून चोथा पाण्याखाली धुऊनच घालायचा. कांदा, लसूण, मिरची, लिंबू फारच थोडं. फोडणीची भाजी, वरण-भात, पोळी, दही अजिबात नाही. ते सगळं कौन्सिलच्या हिरव्या झाकणाच्या डब्यात, जिथे कौन्सिल त्यात अन्न घेते तिथे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, २०३० पर्यंत सगळ्या घरांना ही सोय मिळायची आहे. गांडुळांना दर वेळी जेवढं अन्न, त्याच्या निम्मा तरी फाडलेला पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र घालायचं. हे न केल्यामुळे जितके डबे बिघडतात, तितके दुसऱ्या कशानंही नाही.

बिघाड ओळखायला वास पुरतो. चांगल्या डब्याला पावसानंतरच्या मातीचा वास असतो. आंबूस वास आला, बारीक पांढरे किडे झाले, गांडुळं भिंतीवर चढून झाकणाशी गोळा झाली, की आत आम्ल वाढलंय. भात-पोळीसारखं पिठूळ किंवा डाळीसारखं प्रथिनांचं अन्न जास्त झालं की ते गांडुळाच्या पोटातच आंबतं, आणि अंग मण्यांच्या माळेसारखं गाठी-गाठीचं होऊन ते मरतं. उपाय असा: खाणं बंद, आंबलेला भाग उचलून बाहेर, उरलेलं हातानं सैल करून कोरडा पुठ्ठा मिसळायचा आणि वर मूठभर डोलोमाइट किंवा बागेचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, भुरभुरायची. पानाचा किंवा भिंतीचा विरवलेला चुना चुकूनही नको, त्यानं गांडुळं भाजतात. अंड्यांच्या टरफलांची पूड रोजच्यासाठी चांगली, पण तिचा परिणाम सावकाश होतो, संकटात ती कामाची नाही. मुंग्या झाल्या तर डबा कोरडा पडलाय, पाणी शिंपडा. राखाडी, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर त्या सोल्जर माशीच्या. दिसायला किळसवाण्या, पण निरुपद्रवी.

मेलबर्नमध्ये गांडुळं मरतात ती मुख्यतः उन्हाळ्यात, आणि याबद्दल इथल्या पत्रकांत एक ओळ लिहून भागवतात. १५ ते २५ अंश तापमान त्यांना मानवतं, ३० च्या पुढे ती खायचं सोडतात आणि डब्याच्या आत ३५ झाले की मरू लागतात. जानेवारीत इथे पारा ४० च्या वर जातो आणि डबे बहुतेक काळ्या प्लॅस्टिकचे. इथेच आपल्याकडून आलेल्या माणसाचा अंदाज फसतो. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे घराची सावलीची बाजू दक्षिणेची. उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीला लावलेला डबा म्हणजे भट्टीच. उष्णतेची लाट यायच्या दोन दिवस आधी खाणं निम्मं करायचं, कारण कुजणारं अन्न स्वतःही तापतं. गोणपाट ओलं करून अर्धं डब्याबाहेर लोंबतं ठेवायचं आणि गोठवलेली पाण्याची बाटली वरच्या ट्रेच्या एका कोपऱ्यात ठेवायची. गांडुळं हवा तेवढा गारवा स्वतः शोधतात. ताजं कापलेलं गवत मात्र त्या दिवसांत, खरं तर कधीच, डब्यात टाकायचं नाही. ताजं गवत लवकर तापतं. जुलै-ऑगस्टच्या थंडीत गांडुळं फक्त मंदावतात. तेव्हा कमी खाऊ घातलं की झालं.

तोटी कायम उघडी ठेवून खाली भांडं ठेवावं, म्हणजे टाकीत उतरलेली गांडुळं बुडत नाहीत. जमा होणारं पाणी दहापट पाण्यात मिसळून, फिक्क्या चहाचा रंग आला की झाडांच्या मुळाशी घालायचं. कच्च्या खायच्या पालेभाजीवर शिंपडायचं नाही. हे पाणी म्हणजे अर्धवट कुजलेल्या सालांचा निथळ. त्यात पोषण आहे, पण जादू नाही. घाण वास आला तर ते शोभेच्या झुडपांना.

आता हिरवळ, जिच्यासाठी बरेच जण हा डबा घेतात. इथल्या लॉनमध्ये किकुयू, बफेलो आणि काउच ही गवतं असतात. काउच म्हणजे आपली हरळी. बांधावरची हरळी खणून काढण्यात आपल्या शेतकऱ्यांच्या कंबरा मोडल्या आणि इथे लोक तिचे गालिचे पैसे मोजून अंथरतात, तिला खत घालतात. गणपतीला दूर्वा शोधत फिरावं लागत नाही, हा त्यातला फायदा.

‘गांडूळखतानं लॉन भरतं’ या समजुतीला साधा गुणाकार पुरतो. लॉनवर खताचा थर द्यायचा तो साधारण ५ मिलिमीटरचा, त्याहून जाड दिला तर गवत गुदमरतं. एका चौरस मीटरला ५ लिटर. ५० चौरस मीटरच्या, म्हणजे इथल्या मानानं लहानशा लॉनला २५० लिटर. घरगुती डब्याचा एक ट्रे साधारण १५ लिटरचा, तो भरायला तीन-चार महिने लागतात, म्हणजे वर्षाला फार तर ५०-६० लिटर. हिशेब जमत नाही आणि जमणारही नाही. म्हणून गांडूळखत विरजणासारखं वापरायचं: १ भाग गांडूळखत, ३ भाग चाळलेलं कंपोस्ट, ६ भाग धुतलेली वाळू. मग २५० लिटरमध्ये २५ लिटर गांडूळखत पुरतं. चाळणी ५-६ मिलिमीटरची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत वाढीला लागलं की ते आखूड कापायचं, खणायच्या काट्यानं (गार्डन फोर्कनं) १० सेंटिमीटर खोल भोकं पाडायची, मिश्रण पसरून दाताळ्याच्या पाठीनं घासायचं. पात्यांची टोकं वर दिसली पाहिजेत. मग भरपूर पाणी. पश्चिम उपनगरांतली माती बेसाल्टची आहे, आपल्या दख्खनसारखी काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिथे वाळू कमी आणि कंपोस्ट जास्त घ्यावं.

आणि डब्यातली गांडुळं लॉनमध्ये सोडू नयेत. ती पालापाचोळ्यात राहणारी जात आहे. साध्या मातीत ती तगत नाहीत. लॉनखालची गांडुळं वेगळी, ती खाणं मिळालं की आपोआप येतात.

इथल्या एका गोष्टीचा मात्र राग येतो. शनिवारी गवत कापायचं, ते पिशवीत भरून कौन्सिलच्या डब्यात टाकायचं आणि पुढच्या शनिवारी दुकानातून खताची पोती आणायची. गवत एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापता, बारीक करून तिथेच सोडलं, तर वर्षाच्या नत्रापैकी सुमारे चौथा हिस्सा फुकट परत मिळतो. ज्या देशात डब्यांची झाकणं चार रंगांची असतात, तिथे हे कळू नये? अर्थात घंटागाडीत नारळाच्या झावळ्या टाकणाऱ्यांनी फार बोलू नये, हेही खरं.

गवत जास्तच झालं तर ढीग घाला. ‘हॉट कंपोस्ट’ म्हणून जे इथे शिकवतात, त्याच्या मुळाशी इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसवलेली पद्धत आहे, आणि तीही आपल्याच शेतकऱ्यांकडे बघून. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांचं भोकांच्या भिंतींचं, कंपोस्टसाठीचं नाडेप टाकं तर इथल्या लाकडी कंपोस्ट-पेट्यांना सहज धडा देईल. ढीग किमान १ मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून लहान तापत नाही. १ भाग ताजं गवत, २ भाग सुका पाला. गवताचा थर ५ सेंटिमीटरच्या आत, नाहीतर त्याची चिकट चटई होऊन कुजका वास येतो. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेच्या प्लेन आणि ओक या झाडांची पानं पडतात, ती पोत्यांत भरून ठेवली की वर्षभर सुक्याची चिंता नाही. निलगिरीची पानं गवत कापायच्या यंत्राखाली चिरडूनच घालावीत. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब पडतील इतका ओलावा हवा. दोन-तीन दिवसांत आत ५५ ते ६५ अंश होतात. सलग तीन दिवस ५५ राहिलं की ढीग उलटून बाहेरचा भाग आत, असं तीनदा, म्हणजे तणांचं बहुतेक बी मरतं. ७० च्या वर गेलं तर लगेच उलटा. उंदीर शिरू नयेत म्हणून पेटीखाली ६ मिलिमीटर छिद्रांची गॅल्व्हनाइज्ड जाळी घालून कडा वर दुमडायच्या.

शेवटचा धोका लॉनमधल्याच तणनाशकाचा. क्लोपायरॅलिड हे रसायन गरम ढिगातही टिकतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात २००० च्या आसपास त्यामुळे कंपोस्ट बाधित होऊन भाजीपाल्याचं नुकसान झालं होतं. म्हणून दुसऱ्याच्या लॉनचं गवत घेताना काय फवारलंय हे विचारावं, आणि तयार कंपोस्टची परीक्षा घ्यावी. निम्मं कंपोस्ट, निम्मी कुंड्यांची माती अशा तीन कुंड्या, नुसत्या मातीच्या तीन, प्रत्येकीत तीन घेवड्याच्या बिया. दोन-तीन आठवड्यांत कंपोस्टमधल्याच रोपांची नवी पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर ते कंपोस्ट टोमॅटो-वांग्याच्या वाफ्यात घालू नये. गवताला त्याचा त्रास नाही, ते लॉनवर पसरावं. त्या लॉनचं गवत मात्र पुढे वर्षभर जागच्या जागीच जिरू द्यावं.