शेरीफला अटक कोणी करायची?

मुंबईच्या शेरीफचं वॉरंट जहाजावर लागताना मी पाहिलंय. खलाशांचे पगार थकले होते. हायकोर्टाने जहाज अटकेत घ्यायचा हुकूम काढला आणि शेरीफच्या ऑफिसचा बेलिफ गोदीत आला. एक प्रत कॅप्टनच्या हातात दिली, दुसरी डोलकाठीला चिकटवली. एवढं अजस्र धूड, पण त्या कागदानंतर जागचं हललं नाही. फोर्टातल्या एका वकिलांकडे मी हीच कामं बघते, म्हणून शेरीफलाच अटक करायची तर कोणी, हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

आपला शेरीफ मानाचा, वर्षभरासाठी नेमलेला. सुनील गावसकरही या पदावर होते. अमेरिकेतला काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेरीफ मात्र खराखुरा पोलीसप्रमुख. बहुतेक राज्यांत तो निवडून येतो आणि काउंटीचा तुरुंगही बहुधा त्याच्याच ताब्यात असतो. मग त्यानेच गुन्हा केला तर? त्याच्या हाताखालचे शिपाई त्याला थोडेच धरणार?

इंडियाना राज्याच्या कायद्यात शेरीफच्या अटकेचं वॉरंट बजावणाऱ्यांत कॉरोनरचं नाव घातलंय. कॉरोनर एरवी संशयास्पद मृत्यूंची चौकशी करतो. मुळात 1194 मध्ये इंग्लंडात हे पद आलं, त्यामागे शेरीफवर वचक ठेवण्याचाही हेतू होता. (मुंबईतही 1999 पर्यंत कॉरोनर होता.) शिवाय राज्य पोलीस आणि एफबीआय आहेतच. लॉस एंजेलिसच्या तुरुंगात कैद्यांना होणाऱ्या मारहाणीचा तपास एफबीआय करत होती. त्यात अडथळे आणल्याबद्दल तिथला माजी शेरीफ ली बाका 2017 मध्ये दोषी ठरला, तीन वर्षांची शिक्षा झाली.

मला यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: धरणारा त्याच साहेबाच्या हाताखालचा नको.

आपल्याकडे पोलिसाला अटकेतून सूट नाही. मुंबई पोलिसांतला अधिकारी सचिन वाझेला मार्च 2021 मध्ये एनआयए या केंद्राच्या तपास यंत्रणेने अटक केली होती. पण ते गाजलेलं प्रकरण. चौकीत मार खाल्लेल्या फेरीवाल्याने कुठे जायचं? सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणं नेमायला सांगितली. महाराष्ट्रात तसं प्राधिकरण आहे, पण ते चौकशी करून अहवाल सरकारकडे पाठवतं. गुन्हा नोंदवायला आणि बेड्या घालायला शेवटी पोलीसच लागतात. त्या प्राधिकरणाला स्वतःचे तपास अधिकारी द्या, पोलीस खात्यातून उसने आणलेले नकोत, आणि वॉरंट बजावायचा अधिकारही द्या.