तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्यात ट्राम नव्हती, मग तुम्हाला तिचं एवढं काय?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, सोसायटीच्या गच्चीवर विचारला गेलाय आणि कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलेलं असताना स्कूटरवर मागे बसलेल्या मैत्रिणीनेही विचारलाय. 2022 च्या मार्चमध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून त्याला एक पुरवणी जोडली गेली: आता मेट्रो आली, जुने डबे कशाला उकरून काढता? ज्यांना माझा जुन्या ट्रामचा नाद चांगला ठाऊक आहे ते जरा पुढचं विचारतात. "अमुक शहरात ट्रामच्या डब्यात हॉटेल काढलंय, तमुक ठिकाणी वाचनालय केलंय. वाचला ना डबा? मग तुमची तक्रार काय आहे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं. माझे वडील मुंबईत ट्रामवर कंडक्टर होते. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, बाबा बसवर गेले, आणि निवृत्त झाल्यावर माझ्याकडे पुण्याला आले. पण एवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि खरं तर ते होऊही नये. गिरणीत राबलेल्या माणसांची मुलं काही माग गोळा करत फिरत नाहीत. म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

ट्राम बंद होते तेव्हा आधी काय विकलं जातं ते बघा. मोटारी, तांबं, चाकं, पोलाद, म्हणजे ज्याला भंगारात भाव आहे ते सगळं. उरतो तो लाकडी सांगाडा, ज्याला कुणी विचारत नाही. म्हणून तो कुणाच्या तरी शेतात, परसात, समुद्रकाठी जाऊन पडतो. सॅन फ्रान्सिस्कोत 1895 साली घोड्यांच्या ट्रामचे जुने डबे बाकांसकट वीस डॉलरला आणि बाकांविना दहा डॉलरला विकायला काढले होते. लोकांनी ते समुद्राच्या वाळूत नेऊन त्यांची घरं केली, आणि तिथे अख्खी वस्ती उभी राहिली. म्हणजे ज्याने गाडी चालते तो भाग भट्टीत गेला आणि ज्यात बसतात तो भाग वाचला. आज संग्रहालयवाल्यांना अनेकदा असा बिनचाकांचा डबा मिळतो आणि खालची चाकं दुसऱ्याच कुठल्या तरी गावाहून शोधून आणावी लागतात.

पूर्वी या बाबतीत माझं मत अगदी पक्कं होतं आणि मी ते चारचौघांत ठासून सांगायची. ट्राम रुळावर धावत असेल तरच ती वाचली, बाकी सगळं म्हणजे पेंढा भरलेला वाघ. हिरोशिमाचं उदाहरण मी नेहमी द्यायची. 6 ऑगस्ट 1945 ला बॉम्ब पडला आणि 9 तारखेला तिथे ट्रामच्या मार्गाचा एक तुकडा पुन्हा सुरू झाला. पुरुष लढाईवर गेलेले असल्यामुळे त्या काळात तिथे शाळकरी मुलीही ट्राम चालवत होत्या. बॉम्बच्या दिवशी होरपळलेल्या 651 आणि 652 क्रमांकाच्या गाड्या दुरुस्त झाल्या आणि या शतकातही प्रवासी घेऊन धावतात. सॅन फ्रान्सिस्कोचंही सांगायची. ज्या शहराने जुने डबे वीस डॉलरला फुंकून टाकले, त्याच शहराने 1995 पासून मार्केट स्ट्रीटवर जुन्या गाड्यांची कायमची सेवा चालू केली. त्यात फिलाडेल्फियाहून विकत आणलेल्या गाड्या आहेत, मिलानच्या 1928 सालच्या आहेत, आणि कित्येक गाड्यांना दुसऱ्या शहरांचे रंग दिलेत. त्यातल्या काही शहरांत आता ट्राम उरलेलीच नाही. लोक त्यात पास दाखवून ऑफिसला जातात. मला हवी होती ती ही ट्राम.

मेलबर्नच्या जुन्या डब्ल्यू वर्गातल्या गाड्यांत जेवण वाढायचे, तेही मी चालवून घेतलं होतं, कारण 1983 पासून 2018 पर्यंत ते हॉटेल रुळावरून फिरत होतं. एका जागी गाडलेला डबा मात्र मला नको होता.

आणि मग 2015 च्या हिवाळ्यात मी बाबांना कोलकात्याला नेलं.

मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं. भारतात धावती ट्राम तेवढ्या एकाच शहरात उरली होती. बाबा तिच्यात बसतील, त्यांचा चेहरा उजळेल, ते बोलायला लागतील आणि मी ते टिपून घेईन. एस्प्लनेडहून खिदिरपूरला जाणारी गाडी मी मुद्दाम निवडली, कारण ती 'मैदान' नावाच्या मोठ्या हिरवळीतून जाते. बाबा खिडकीशी बसले. कंडक्टर आला, त्याने बोटांत धरलेल्या तिकिटांच्या गड्ड्यांवरून नख फिरवून ते करकर वाजवलं आणि हात पुढे केला. बाबांनी पैसे दिले. ते तिकिटाकडे बघत राहिले. गाडीने मैदानात वळण घेतलं तेव्हा ते म्हणाले, "उतरूया."

मी म्हटलं, "बाबा, बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. उतरूया."

पुढच्या थांब्यावर आम्ही उतरलो. भर दुपारी, रुळांच्या कडेला, मी त्यांच्यावर चिडले. एवढ्या लांब आलो, तुमच्यासाठी आलो, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही, असं सगळं बोलले. ते एकच वाक्य बोलले. "मी कुठे म्हटलं होतं आणायला?" संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी एस्प्लनेडलाच असलेल्या 'स्मरणिका'मध्ये शिरलो ते केवळ सावलीला बसायला. 1938 सालच्या जुन्या ट्रामचं हे छोटं संग्रहालय. एका डब्यात चहा-कॉफी मिळते, दुसऱ्यात जुनी तिकिटं, बिल्ले, फोटो मांडलेत. नेमका माझ्या तिरस्कारातला प्रकार. आम्ही चहा घेतला. मग बाबा उठले आणि डब्याच्या मधल्या वाटेत उभे राहिले. पाय फाकवून, एक कुल्ला बाकाच्या कडेला टेकवून, गुडघे जरासे सैल सोडून. डबा हलत नव्हता, पण त्यांचं शरीर हलत्या डब्यात उभं होतं. डावा हात पोटाशी, जिथे चामड्याची बॅग असायची तिथे. मग म्हणाले, "हे बघ, असं उभं राहिलं की दोन्ही हात मोकळे. नवीन पोरं दांडी धरायची, मग तिकीट कुठल्या हाताने फाडणार?" आणि ते बोलायला लागले. टर्मिनसला दोरीने गाडीच्या टपावरचा खांब विजेच्या तारेवरून सोडवून उलटा फिरवायचा, पावसात ती दोरी हाताला कशी कापायची. शेवटच्या रात्री ते गेलेच नव्हते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. "वर्षभर जे ट्राम वाटेत येते म्हणून शिव्या घालत होते, ते त्या रात्री हार घेऊन येणार होते. मी घरी झोपलो."

मी विचारलं, मग काल का उतरलात? बराच वेळ थांबून म्हणाले, "अगं, ही इथे चालते. मग आमची का नाही चालली?"

हे मला आजही पेलत नाही. पन्नास वर्षं त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की ट्राम जायचीच होती, काळच तसा होता. धावती ट्राम दिसली आणि ती समजूत मोडली. उभ्या डब्याने त्यांच्याकडे कसलाच जाब मागितला नाही, म्हणून त्यात ते बोलू शकले.

तेव्हाची मी लगेच म्हणेल, की याचसाठी तर धावती ट्राम हवी! तिने टोचलंच पाहिजे. रस्ते रुंद करा, रूळ उखडा, मग एक डबा रंगवून चौकात ठेवा आणि त्यात कॉफी विका. असं केलं की कुणालाच जाब द्यावा लागत नाही. हे मला आजही शंभर टक्के पटतं. पुण्यात राहून तर जास्तच पटतं, कारण इथे दर घरात दोन दुचाक्या असण्याला आपण नशीब म्हणतो. पूर्वी कुणीतरी घेतलेल्या निर्णयांचं हे फळ आहे असं कुणी म्हणत नाही. पण पन्नास वर्षं गप्प असलेला माणूस ज्या डब्यात बोलला, त्याला पेंढा भरलेला म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

बाबा 2019 साली गेले. पुढच्या वर्षी अम्फान वादळाने कोलकात्यात ट्रामच्या तारा तोडल्या. सप्टेंबर 2024 मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं की एस्प्लनेड ते मैदान एवढाच वारसा म्हणून तुकडा ठेवू, बाकी बंद. ते वाचून मी रडले, आणि पहिला विचार आला तो हा की बाबा हे बघायला नाहीत ते बरं झालं. तो विचार आल्याचा रागही आला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी कोलकात्याला जाणार असाल, तर मैदानात गाडी धावत असेल तर आधी तिच्यात बसा, पूर्ण शेवटपर्यंत. 'स्मरणिका' नंतर बघा. हा क्रम मी सांगते म्हणून. बाबांना उभी ट्राम आधी आणि चालती नंतर दाखवली असती तर काय झालं असतं, यावर मी आणि माझा भाऊ अजून भांडतो.