सहा नंबरची सुई

डोंबिवलीत स्वेटर कुणाला लागतो? जानेवारीतसुद्धा आमच्याकडे पंखा एकवर असतोच. पण वहिनीचं माहेर निफाडचं, पहिलं बाळंतपण तिकडे, आणि तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. निफाडची थंडी म्हणजे पारा दहाच्या खाली उतरला की वर्तमानपत्रात बातमी. गौरी-गणपतीला सगळे जमलो होतो, बाळंतविड्यात काय काय द्यायचं याची यादी चालली होती, आणि मी बोलून गेले, "स्वेटर मी विणते." शाळेत शिवणाच्या तासाला केलेली वीतभर पट्टी हाच काय तो माझा अनुभव.

लोकर दादरला घेतली. फिकट पिवळी, मुलगा-मुलगी कोणीही झालं तरी चालेल अशी. वेष्टनावर 'बेबी वुल' लिहिलेलं. घरी आल्यावर नवऱ्याने एक धागा चिमट्यात धरून काडी लावली. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरडते. आमचा धागा वितळला आणि टोकाला कडक काळा मणी धरला. म्हणजे निखळ ॲक्रिलिक. तासभर मी चिडून होते. मग लक्षात आलं, बाळाचे कपडे तिकडे रोज गरम पाण्यात पडणार, खरी लोकर पहिल्या आठवड्यातच आटून घट्ट गोळा झाली असती. तेव्हा ॲक्रिलिक तर ॲक्रिलिक. फक्त वेष्टनावर तसं लिहा ना!

नमुना इंटरनेटवरून घेतला होता, अमेरिकन. त्यात सुई सहा नंबरची सांगितली होती, मी सहा नंबरची सुई आणली. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले पाहिजेत असंही लिहिलेलं होतं, तो मजकूर मी इमानदारीत वाचला आणि सोडून दिला. पाठीचे ५० टाके घातले, एक सुलट एक उलट अशी चार बोटं बॉर्डर केली, वर साधी वीण सुरू केली. रुंदी बरोबर २३ सेंटिमीटर. मी स्वतःवर खूश.

सकाळी मी डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो लोकल पकडते, दादरपर्यंत तासाभराची बैठक. एक दिवस सुया घेऊन गेले. कळव्याला गर्दी चढली आणि माझी डावी सुई शेजारणीच्या कोपरात गेली. ती काही बोलली नाही, नुसती बघितली. मी सुया पिशवीत कोंबल्या, त्या नादात पाच टाके सुईवरून घसरले. त्यातला एक सुटत सुटत खाली चालला, शिडीच्या पायऱ्या उघड्या पडाव्यात तसे आडवे धागे दिसायला लागले.

समोरच्या मावशी गवार मोडत होत्या. रोजच्याच गाडीतल्या, खिडकीची जागा त्यांची ठरलेली. "आण इकडे," म्हणाल्या. पर्समधून क्रोशाची सुई काढली, सर्वांत खालच्या सुटलेल्या फासात घातली, वरचा आडवा धागा त्यातून ओढून घेतला, मग त्याच्या वरचा. ठाणे यायच्या आत शिडी मिटली होती.

मग त्यांनी माझी सुई बोटांनी चाचपली. "अगं, बाळाच्या स्वेटरला एवढी जाड? ही कितीची?"

"सहा. नमुन्यात लिहिलंय, मावशी."

"नमुना कुठला?"

तेव्हा कळलं ते असं. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. नंबर वाढत जातो तशी सुई बारीक होते. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची सहा म्हणजे ४ मिलिमीटर, ती आपली आठ. आपली सहा ५ मिलिमीटरची, ती त्यांची आठ. अगदी अदलाबदल. क्रोशाच्या टाक्यांच्या नावांतही तोच घोळ: अमेरिकन 'सिंगल' टाक्याला ब्रिटिश 'डबल' म्हणतात. मावशींना हे नंबरांचं माहीत होतं कारण त्यांची बहीण तिकडून नमुने पाठवायची. क्रोशाच्या टाक्यांच्या बाबतीत त्या मराठी नावांवरच होत्या, साखळी, मुका खांब, खांब. त्यात गोंधळाला जागाच नाही.

चूक कळल्यावर मी काय करावं? रात्रीत सगळं उसवलं. आठ नंबरच्या सुया आणल्या, बॉर्डरला दोन नंबर बारीक म्हणून दहाच्याही आणल्या, आणि पुन्हा ५० टाके. आता सगळं शास्त्रोक्त. नवरात्र संपेपर्यंत पाठ मुंढ्यापर्यंत आली. टेप लावली तर साडेअठरा सेंटिमीटर. आधी वाटलं टेप दुमडली असेल.

दुमडली नव्हती. पुढची बाजूही तेवढीच धरली तर घेर ३७ भरत होता, हवा होता ४६. आमच्या शेजारच्या मुलीच्या बाहुलीला तो छान झाला असता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला गाडीत नुसताच धागा धरायला लावला. मी तो करंगळीला दोन वेढे देऊन धरत होते आणि प्रत्येक टाका ओढून आवळत होते. "हात घट्ट आहे तुझा," एवढंच त्या म्हणाल्या. म्हणजे पहिल्या वेळी सुई चुकीची जाड होती आणि हात चुकीचा घट्ट होता, दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. मी त्यातली एकच दुरुस्त केली होती.

मग मात्र माप बघायला वेगवेगळ्या सुयांवर छोटे तुकडे विणले, प्रत्येकी ३० टाक्यांचे. कडा गुंडाळतात, म्हणून मोजायचं ते मधलं. (साध्या विणीच्या कडा गुंडाळतातच, मी त्यावर दोन संध्याकाळी उगाच रडले होते.) आठ नंबरवर १० सेंटिमीटरला २७ टाके आले, सातवर साडेचोवीस, सहावर २२. फिरून सहावरच. धाग्याचा एक वेढा कमी करून सातवरही जमलं असतं कदाचित, पण महिनाभर घट्ट विणलेला हात रोज थोडा वेगळा चालतो, आणि पाठीत एक हात नि पुढच्या बाजूला दुसरा असं मला नको होतं. उसवलेली लोकर नागमोडी झाली होती. तिची खुर्चीच्या पाठीवर लडी केली, कोमट पाण्यात बुडवली, बाथरूममध्ये वाळत घातली. नवरा दोन दिवस तिच्याखालून वाकून जात होता.

तिसऱ्यांदा मात्र भराभर झालं. मुंढ्याला टाके घटवणं, गळा, बाह्या, यात सांगण्यासारखं काही नाही. गुंड्या खांद्यावर घेतल्या, बाळाच्या डोक्यातून कपडा घट्ट ओढायला नको म्हणून.

गाडीत आता सुया नेत नव्हते. टोपडं क्रोशाचं घेतलं. क्रोशात जिवंत फास एकच असतो. स्टेशन आलं की तो थोडा लांब ओढायचा आणि पिशवीत टाकायचं, काही सुटत नाही. चार साखळ्यांचं कडं, पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, दर फेरीला १२ ची वाढ. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. वाढवणं कुठे थांबवायचं हे मला कुठल्याच व्हिडिओत धड कळलं नव्हतं. मावशींनी तोंडी हिशेब दिला: नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर ३५ सेंटिमीटरच्या आसपास, भागिले तीन पूर्णांक चौदा, म्हणजे टाळूवरची चकती ११ सेंटिमीटर झाली की तिथून सरळ खाली उतरायचं. माझी पाचव्या फेरीला भरली. हिशेब मात्र मुलुंड ते भांडुप एवढ्यात झाला होता. एवढं गणित मी दहावीनंतर पहिल्यांदाच वापरलं असेन.

भाचा डिसेंबरात झाला. टोपडं बारशाला बरोबर बसलं. स्वेटरात मात्र तो पोहत होता, बाह्या दोनदा दुमडल्या तरी बोटं दिसेनात. वहिनीची आई म्हणाली, "वाढत्या अंगाचा आहे, चांगलंच आहे." मी गप्प राहिले. ४६ चा घेर तीन महिन्यांच्या बाळाचा होता हे मला तेव्हा आठवलं.

संक्रांतीला बोरन्हाणासाठी निफाडला गेलो. बाळाला काळं झबलं, त्यावर थंडी म्हणून तो पिवळा स्वेटर, आणि त्यावर हलव्याचे दागिने. काटेरी हलवा आणि लोकर यांचं काय जमणार! हार काढताना त्याचा दाणा छातीवरच्या टाक्यात अडकला आणि तेवढा एक धागा बोटभर बाहेर आला. सगळ्या बायका एकदम "अगं बाई" म्हणाल्या. मी पर्समधून क्रोशाची सुई काढली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसले.