चिपच्या आत कसली आलीय वाहतूक?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चिपच्या आतल्या डेटाच्या वाहतुकीवर देखरेख, हे माझं काम. त्याचा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, "नखाएवढी चिप, तिच्यात कसली वाहतूक आणि कसली देखरेख? एकदा तपासून बाहेर पडली की झालं!"

होत नाही. वर्षानुवर्षं वीज वाहून बारीक तारांमधले धातूचे अणू सरकतात, तार कमकुवत होते. आणि वाहतूक तर प्रचंड असते. चिपवरचे कोअर, म्हणजे गणनेचे छोटे प्रोसेसर, वाढत गेले तशी सगळ्यांची सामाईक बस, म्हणजे डेटा नेणाऱ्या तारांचा एकच रस्ता, पुरेनाशी झाली. 2001 मध्ये डॅली आणि टाउल्स या संशोधकांनी मांडलं, की चिपभर तारा ओढण्यापेक्षा वाट दाखवणारे राउटर बसवा, डेटा पॅकेटमध्ये, म्हणजे गठ्ठ्यांत, पाठवा. इंटेलने 2007 मध्ये दाखवलेल्या प्रायोगिक चिपवर 80 कोअर होते, 8 बाय 10 च्या जाळीत, प्रत्येकाला आपला राउटर.

वाटेत बिट उलटला, 0 चा 1 झाला, तर पॅरिटी किंवा सीआरसी (डेटासोबत जाणारे चूक पकडायचे जादा बिट) सहसा ओरडते. मला धास्ती असते ती हरवलेल्या क्रेडिटची. समजा, पुढच्या राउटरच्या बफरमध्ये, म्हणजे डेटा थांबवून ठेवायच्या जागेत, चार जागा आहेत. पाठवणारा चार क्रेडिट, म्हणजे मोकळ्या जागांची जणू कुपनं, धरून बसतो, प्रत्येक फ्लिटला (पॅकेटच्या छोट्या तुकड्याला) एक खर्च करतो; तिकडे जागा मोकळी झाली की ते परत येतं. परतीचा एक सिग्नल क्षणभराच्या गडबडीत हुकला, की पाठवणाऱ्याच्या लेखी कायम तीनच जागा. डेटा अचूक, सीआरसी गप्प. क्रेडिट खर्च होऊन परत यायच्या फेरीला चार सायकल, म्हणजे चिपच्या घड्याळाचे ठोके, लागत असतील तर त्या लिंकचा वेग मात्र पाऊणच उरतो, आणि बाहेरून बघणारा म्हणतो, "आज लोड जास्त दिसतोय."

गर्दी आणि बिघाड बाहेरून सारखेच दिसतात, देखरेख हवी ती यासाठीच. राउटरच्या प्रत्येक पोर्टवर, म्हणजे दारावर, दोन काउंटर ठेवले, किती फ्लिट गेले आणि किती सायकल अडून राहिले, की संशयाची जागा सापडते. मग लिंक रिकामी असताना क्रेडिट मोजायचे. फ्लिट वाटेत नाही, बफरमध्ये नाही, तरी तीनच? मग तो बिघाडच.

माझा आग्रह एकच असतो: हे आकडे त्याच जाळ्यातून पाठवू नका. जाळं तुंबलं की तक्रारही त्यातच अडकते. वेगळी, अरुंद का होईना, वाट द्या. सिलिकॉनची जागा जाते म्हणून डिझाइन रिव्ह्यूत यावर दर वेळी वाद होतो, आणि दर वेळी मी तो घालते.