हँडलबार बॅग घेताय? आधी गाडीला लावून बघा

पुण्यात हँडलबार बॅग, म्हणजे मोटरसायकलच्या हँडलला पुढे बांधायची छोटी बॅग, मिळायला काहीच अडचण नाही. अडचण आहे ती घेण्याआधी गाडीला लावून बघण्याची. त्याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आकार घरीच ठरवला होता, ३ ते ४ लिटर. मोबाईल, पॉवर बँक, गॉगल, औषधं एवढ्याला ते पुष्कळ झालं. पान्यांचा संच, कुलुपाची साखळी, हवेचा पंप असलं जड सामान हँडलवर लादूच नका. हँडल जड होतं आणि वेगात डुगडुगतं. ते मागच्या सॅडलबॅगेत टाका.

नाना पेठेतल्या एका दुकानात बॅग पसंत पडली. माझी बुलेट, रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, दारातच उभी होती. "दादा, एकदा लावून बघतो," म्हटलं, तर म्हणे, "पट्टे ओढले की माल परत घेत नाही. सगळ्या बुलेटला बसते, बिनधास्त न्या." शेजारी तेच, पलीकडे तेच. एकाने तर वरचं प्लास्टिकही काढू दिलं नाही. अहो, चप्पलसुद्धा पायात घालून बघू देतात! आणि 'बसते' म्हणजे नेमकं काय? पट्टे कुठल्याही नळीला बसतील. प्रश्न केबलचा आहे. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, पुढच्या ब्रेकचा होज हे सगळं हँडलच्या पुढून वळून खाली जातं आणि बॅग बरोबर तिथेच टेकते. हे मी प्रत्येक काउंटरवर सांगत होतो. ऐकून घ्यायची कोणाची तयारी नव्हती. ऑनलाइन मागवायचं म्हटलं, तर वापरलेली वस्तू परत घेणार नाही ही अट तिथेही होतीच.

शेवटी गल्लीतल्या एका छोट्या दुकानातले काका म्हणाले, "पैसे ठेवा, लावा, नाही जमलं तर पैसे परत." बॅग बांधली, न्यूट्रलमध्ये गाडी चालू केली आणि हँडल डावीकडे पूर्ण वळवलं. मूठ न पिळता इंजिनचा आवाज चढला! बॅगेने ॲक्सिलरेटरची केबल दाबून ताणली होती. गर्दीत यू-टर्न घेताना हे झालं असतं तर? काकांनीही ते ऐकलं आणि मुकाट्याने दुसरी, कमी जाडीची बॅग काढली. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवलं, आवाज जागचा हलला नाही. क्लच मोकळा, हॉर्न-डिपरला अंगठा पोचतोय, स्पीडोमीटर दिसतोय. तिथेच घेतली. हट्ट धरला याचं मला समाधान आहे. तुम्हीही धरा.

हेडलाइटचं मात्र रात्री पार्किंगच्या भिंतीवर बघा. गोल दिव्याच्या वरच्या कडेवर बॅग उतरली की प्रकाशात काळा पट्टा दिसतो.

पावसाचं म्हणाल, तर पावसात ताम्हिणी घाटात जाणाऱ्यांनी रेनकव्हरवर विसंबू नये, वाऱ्याने ते फुगतं. तोंड गुंडाळून बंद होणारी, शिवणी चिकटवलेली बॅग घ्या. ग्लोव्हज घालून ती उघडायला वेळ लागतो, पण मोबाईल कोरडा राहतो.

हो, बॅग बांधण्याआधी पट्टे जिथे घासतील तिथे पारदर्शक फिल्म चिकटवा. पट्ट्याखाली धूळ अडकली की रंगावर ओरखडे पडतात. नवे पट्टे थोडं अंतर चालवल्यावर सैल पडतात, म्हणून पहिल्या चहाला थांबाल तेव्हा परत आवळा आणि लोंबणारी टोकं रबरबँडने बांधून टाका.