कोजागिरी आणि ज्याचा त्याचा कोविड

आमच्या भवानी पेठेतल्या मंडळाचा गणपती दणक्यात होतो, पण खरं संमेलन कोजागिरीचं. दूध आटवायचं काम तात्यांचं. दुसऱ्या कुणी उलथनं धरलं की "तळाला लागेल रे!" म्हणून हिसकावून घेणार. चारोळी कमी पडली म्हणून दरवर्षी कुरकुर, आणि अकराच्या आत पेला कुणाच्या हाती पडेल तर शपथ. पेठ सोडून कोथरूड-धायरीला गेलेले, एरवी लग्नालाही न फिरकणारे, त्या रात्री झाडून हजर.

2020 साली गणपतीच मांडवाशिवाय बसला, मूर्ती चार फुटांच्या आत. तिथं कोजागिरी कुठली! पुन्हा गच्ची भरली ती 2022 ला. कोविडचा विषय निघणारच होता.

कोथरूडच्या वहिनी म्हणाल्या, "खरं सांगू? आम्हाला ते दिवस बरे गेले. मुलं घरात, ह्यांचं काम घरून, रोज नवा पदार्थ."

कासेवाडी वस्तीतल्या मावशी म्हणाल्या, "आम्ही नंबर लावत होतो गं. गर्दी नको म्हणून पहाटे चारला संडासला जायचं."

"रोज?"

"मग काय, दिवसाआड?"

सगळे हसले, वहिनीही. मग आमच्यातल्या प्राध्यापकांनी ऑगस्ट 2020 चा पुण्यातला अँटिबॉडी तपासणीचा अहवाल काढला. पाच प्रभाग तपासले होते. लोहियानगर-कासेवाडीत 65 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला. सामायिक संडास वापरणाऱ्यांत 62 टक्के, घरचा असणाऱ्यांत 45. फ्लॅटवाल्यांत जेमतेम एक तृतीयांश.

"एवढं रक्त कशाला काढलं? मला विचारायचं की," मावशी म्हणाल्या. मला तरी त्या अहवालावरची ही सगळ्यात चोख प्रतिक्रिया वाटते.

म्हणजे फ्लॅटवाले सुटले असंही नाही. 2021 च्या एप्रिलमध्ये सोसायटीत राहणाऱ्या आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचे वडील गेले. बेडसाठी तो रात्रभर फोन करत होता. शेजारी दार उघडेनात. ऑक्सिजनचा सिलिंडर दुचाकीवर आडवा धरून नेला तो पेठेतल्या दोन पोरांनी. वर्षभरापूर्वी साथ पसरू नये म्हणून त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकलेले होते. हे त्याने गच्चीवर स्वतःच सांगितलं, पोरं मात्र तोवर खाली सटकली होती.

त्याची वर्गणी आता मागायच्या आधीच येते. तात्या पावती फाडायला लागले की चिडतो.